जुन्या दीपगृहाची राखण: गावातल्या स्वयंसेवी गटाने कामाला कसं लागावं

घटस्थापनेच्या सुमारास, पाऊस नुकताच ओसरलेला असताना, समुद्रकाठच्या एखाद्या जुन्या दीपगृहाचा जिना चढा. पश्चिमेकडच्या खिडकीखाली थांबा आणि भिंतीवरून बोट फिरवा. बोटाला पिठासारखी पांढरी पूड लागेल. तिला आपल्याकडे लोणा म्हणतात. खारं पाणी भिंतीत मुरतं, ऊन पडलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. मिठाचे कण दगडाच्या बारीक छिद्रांत दर ऋतूला थोडे थोडे वाढतात आणि दगडाचा पापुद्रा आतून ढकलून पाडतात. दीडशे वर्षं तुफानं अंगावर घेतलेली भिंत अशी आतून पोखरली जाते.

पूर्वी ही पूड झाडायला तिथे माणूस होता. रखवालदार, त्याचे मदतनीस आणि त्यांची बिऱ्हाडं दीपगृहाला लागूनच राहायची. संध्याकाळी दिवा लावायचा, रात्रभर पाळीपाळीने जागायचं, सकाळी काचा पुसायच्या, पितळ घासायचं, वहीत नोंद करायची. पुढे दिवे आपोआप लागायला लागले आणि जगभर ही बिऱ्हाडं एकेक करून उठली. रोज कोणीतरी बघेल हे गृहीत धरूनच या इमारती बांधल्या होत्या. तो बघणारा माणूसच गेला. स्वयंसेवी गटाने भरायची जागा ती आहे. एकदाच वर्गणी काढून रंग मारला, फीत कापली आणि घरी गेलो, यातून ती भरत नाही.

मी बरीच वर्षं किल्ल्यांवर आणि बंदरांजवळच्या जुन्या इमारतींवर चुन्याचं काम करतोय. गडसंवर्धनाच्या रविवारच्या मोहिमांना जाणारी शेकडो मुलं-मुली आज महाराष्ट्रात आहेत. त्यातल्या सात-आठ जणांनी आपल्या किनाऱ्यावरच्या एका बत्तीची, म्हणजे दीपगृहाची, राखण करायची ठरवली तर कुठून सुरुवात करावी, हे इथे क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: मालक कोण ते शोधा

अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्यामुळे सरकारला नको असलेली ऐतिहासिक दीपगृहं स्वयंसेवी संस्थांना फुकट मिळू शकतात. आपल्याकडे तसं नाही. किनाऱ्यावरची मोठी दीपगृहं केंद्र सरकारच्या दीपगृह आणि दीपपोत महासंचालनालयाकडे आहेत. त्याचं मुख्यालय नोएडाला आणि आपल्याला जवळचं प्रादेशिक कार्यालय मुंबईला. बंदराच्या हद्दीतल्या काही बत्त्या बंदर प्राधिकरणांच्या असतात. यातली बहुतेक दीपगृहं आजही चालू आहेत. तिथला दिवा, रेडिओची उपकरणं, जहाजांची ओळख टिपणारी यंत्रणा यांना आपण हात लावायचा नसतो. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर नजर ठेवणारी रडारं अनेक दीपगृहांवर बसवली गेली, त्यामुळे तिथे फोटो काढायलाही परवानगी लागू शकते. ड्रोन तर लेखी परवानगीशिवाय पिशवीतूनही बाहेर काढू नका.

मालकी किती गुंतागुंतीची असते ते खांदेरीवर बघा. रायगड जिल्ह्यातल्या थळच्या समोर समुद्रात हे बेट आहे. किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला आणि त्यावरून इंग्रजांशी समुद्रात लढाई झाली. त्याच बेटावर १८६७ मध्ये इंग्रजांनी दीपगृह उभं केलं. आज किल्ला राज्य पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत आहे, २०२५ मध्ये तो मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून युनेस्कोच्या यादीत गेला. बेट मुंबई बंदराशी जोडलेलं, त्याला कान्होजी आंग्रे बेट असं नाव दिलेलं. शिवाय तिथे कोळी बांधवांचा वेताळ आहे, आणि त्याच्या दर्शनाला येणाऱ्यांचा हक्क कुठल्याही सातबाऱ्यापेक्षा जुना आहे. अशा ठिकाणी एकाची परवानगी घेऊन दुसऱ्याला न विचारता काम सुरू केलं, तर पहिल्याच महिन्यात काम बंद पडेल.

म्हणून आधी एक साधा तक्ता करा. इमारत कोणाची, जमीन कोणाची, वाट कोणाची, धक्का कोणाचा. जवळ केंद्र-संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरला नियमन असतं. किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळे. तहसील कार्यालयातून उतारे, भूमी अभिलेखकडून नकाशा, आणि नसेल मिळत तर माहितीच्या अधिकारात अर्ज. दोन-तीन महिने जातील, जाऊ द्या.

मग पत्र लिहा. त्यात ‘आम्ही दीपगृहाचं जतन करू इच्छितो’ असं मोघम लिहू नका. अशा पत्राला उत्तर येत नाही, कारण ‘हो’ म्हटल्यास नेमकं कशाला हो म्हटलं हे अधिकाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी लिहा: ‘महिन्यातून दोन रविवारी, सकाळी ८ ते ११, सहा सदस्यांना आवारात येऊन भिंती, खिडक्या आणि गटारांची पाहणी व नोंद करण्याची परवानगी मिळावी. आम्ही कुठलीही दुरुस्ती करणार नाही. नोंदींची एक प्रत दर तीन महिन्यांनी आपल्याला देऊ.’ अशी छोटी, मुदतीची, बिनखर्चाची मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. १९२७ च्या जुन्या दीपगृह कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या कायद्यात एखाद्या दीपगृहाला ‘वारसा दीपगृह’ म्हणून घोषित करण्याची आणि शिक्षण, संस्कृती, पर्यटन यासाठी त्याचा विकास करण्याची तरतूद आहे. पत्रात तिचा उल्लेख जरूर करा.

दुसरी पायरी: संस्था आणि तिचे कागद

हे कंटाळवाणं आहे, पण दोन वर्षांनी देणगी येते तेव्हा याच कागदांवर सगळं अडतं. महाराष्ट्रात किमान सात सदस्य घेऊन १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिची धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणून नोंद होते. कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की पुढचे सगळे बदल लटकतात, मी अशा किमान तीन चांगल्या संस्था बघितल्यात. हिशेब दर वर्षी तपासून घ्या.

सात जण निवडताना एक गवंडी, एक मासेमारी करणारा आणि एक निवृत्त कारकून किंवा शिक्षक हवाच. गवंड्याला भिंत कळते. तांडेलाला वारा आणि लाटा कळतात, बेटावरच्या दीपगृहाला कधी निघायचं आणि कधी परतायचं हे तोच ठरवेल. आणि वही कशी ठेवायची ते तिसऱ्याला येतं. उत्साही तरुण पुष्कळ मिळतात, ही तीन माणसं शोधावी लागतात.

तिसरी पायरी: वर्षभर फक्त बघा आणि लिहा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही, आणि सगळ्यांत जास्त वेळा वगळली जाते तीही हीच. पहिला एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा हातात थापी घ्यायची नाही.

एक जाड, शिवलेली वही घ्या. मोबाइलवर फोटो ठेवा, पण नोंद कागदावर, पेन्सिलीने. दमट हवेत शाई पसरते. दीपगृहाला खालून वर मजले पाडून क्रमांक द्या, पायऱ्या मोजा, खिडक्यांना आकडे द्या, दिशा लिहा. म्हणजे ‘वरच्या खिडकीजवळ ओल’ असं न लिहिता नेमकं लिहिता येतं. एखादी नोंद अशी असावी:

‘२० जुलै, सकाळी ९. रात्रभर पाऊस, वारा नैर्ऋत्येकडून. खिडकी ३ (पश्चिम): उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आत, पायरी ४१ ते ४४ ओल्या. भिंतीवर ओलीचा डाग हातभर रुंद, मागच्या वेळेपेक्षा चार बोटं खाली. खिडकी २: कोरडी. दिव्याच्या खोलीत काचांना आतून घाम.’

अशा वीस नोंदी झाल्या की इमारत बोलायला लागते. पाणी छतातून येत नसून खिडकीच्या उंबऱ्यातून येतंय, पश्चिमेच्या वाऱ्यातच येतंय, आणि ऑगस्टमध्ये थांबतंय, हे कळतं. नाहीतर लोक छताला गिलावा करून लाखभर रुपये घालवतात आणि पुढच्या जूनमध्ये पायरी ४१ पुन्हा ओली.

फोटोंसाठी दहा-बारा ठिकाणं पक्की करा. जमिनीवर छोटी खूण ठेवा आणि दर वेळी तिथूनच, त्याच उंचीवरून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा.

भेग दिसली की घाबरू नका, पण मोकळीही सोडू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक फुली करा आणि दोन्ही फुल्यांमधलं अंतर व्हर्नियरने, म्हणजे बारीक अंतर मोजायच्या पट्टीने, मोजा. दर महिन्याला, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी मोजा, कारण उन्हात तापलेली भिंत सकाळच्या भिंतीपेक्षा थोडी वेगळी भरते. वर्षभर आकडा तोच राहिला तर भेग जुनी आहे, स्वस्थ आहे. एकाच दिशेने वाढत गेला तर स्थापत्य अभियंत्याला बोलवायची वेळ आली. त्यातही जुन्या दगडी बांधकामाचा अनुभव असलेला हवा. फक्त आरसीसी केलेला माणूस दीपगृहाला काँक्रीटची पट्टी बांधायला सांगेल.

चौथी पायरी: पाण्याची वाट मोकळी करा

पहिल्या प्रत्यक्ष कामाची परवानगी मागायची तर ती यासाठी मागा. कोकणात दर मे महिन्यात घराची शाकारणी करतो, तसं दीपगृहाचंही वर्षाचं काम असतं. सज्जाची पन्हाळं साफ करणं, पायाजवळची गटारं उपसणं, भिंतीला टेकलेली माती बाजूला करणं, खिडक्यांच्या फटी बघणं. वळीव यायच्या आत वीजवाहक पट्टी वरून खालपर्यंत अखंड आहे का ते बघा. तांब्याची पट्टी चोरीला गेलेली असते आणि कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं. जमिनीतल्या जोडणीची तपासणी मात्र वीजतंत्रीकडूनच करून घ्या.

सांध्यात उगवलेला पिंपळ किंवा उंबर दिसला की ओढून काढायचा मोह होतो. वीतभर रोप पहिल्याच पावसात हाताने अलगद निघतं. पण मनगटाएवढं मूळ आत गेलेलं असेल तर ओढल्याने दगडच हलतो. ते कापून ठेवा आणि मूळ मारण्याचा उपाय पुरातत्त्वाच्या माणसाला विचारून करा.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. जुन्या तेलाच्या दिव्याला हवा लागायची आणि धूर बाहेर जायला वाट लागायची. म्हणून दिव्याच्या खोलीला खाली पितळी झरोके आणि घुमटाच्या टोकाला वायुवीजक असायचा. दिवा रात्रभर जळायचा, खोली उबदार राहायची, दमट हवा वर निघून जायची. विजेचे आणि मग एलईडीचे दिवे आले, ती ऊब गेली. पाणी येतं म्हणून कोणीतरी झरोके बंद करून टाकले. परिणाम असा की खोलीत दमट हवा कोंडते, काचांना आतून घाम येतो, तो घाम लोखंडी चौकटीत उतरतो आणि चौकट गंजते. तुमच्या दीपगृहाचे झरोके रंगाच्या थरांनी बुजलेत का, ते बघा. मालकाच्या परवानगीने ते मोकळे करून जाळी बसवणं हे फुकटातलं काम आहे आणि त्याचा गुण मोठा येतो.

पाचवी पायरी: चुना

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात आमच्या गटाने एका बंदराजवळच्या जुन्या चौकीच्या भिंतीचे सांधे भरले. जांभ्याची भिंत होती. चुना मिळेना, वेळ कमी होता, म्हणून सिमेंट वापरलं. काम सुबक दिसलं, फोटो काढले. तिसऱ्या पावसानंतर परत गेलो तर सिमेंट जागच्या जागी होतं आणि दगड बोटभर आत गेलेला. सगळ्या भिंतीवर सिमेंटची रिकामी जाळी उभी राहिली होती, आणि तिच्या प्रत्येक घरात जांभ्याची तांबडी माती झाली होती. मी बराच वेळ तिथे बसून राहिलो. ती भिंत आम्ही वाचवायला गेलो होतो.

झालं ते असं. चुन्याचा सांधा मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते आणि मीठही सांध्यातच साठतं. काही वर्षांनी सांधा झिजतो, तो पुन्हा भरायचा. दगड वाचतो. सिमेंट टणक आणि घट्ट, त्यातून ओल निघत नाही, म्हणून ती दगडातून निघते आणि मीठ दगडात फुटतं. चुना झिजण्यासाठीच असतो, असं माझे गुरू म्हणायचे. ते गवंडीच होते.

चुन्याचं काम असं करतात. चुनकळी, म्हणजे भट्टीतून निघालेला कोरडा चुना, पाण्यात टाकून विरवायची. पाणी उकळायला लागतं, थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि नेहमी पाण्यात चुनकळी टाकायची, चुनकळीवर पाणी ओतायचं नाही. विरलेला चुना गाळून पाण्याखाली निदान काही आठवडे ठेवायचा, जितका मुरेल तितका चांगला. मग साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू. वाळू समुद्राची कधीच नको, कितीही धुतली तरी. जिथे ओल जास्त तिथे वाळूचा काही भाग काढून सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेची पूड घालतात. बेलफळाचा गर, गूळ, उडदाचं पाणी हे आपल्याकडचे जुने जिन्नस. पण मूळ बांधकामात ते होते का हे बघितल्याशिवाय परंपरा म्हणून घालू नका. आधी जुन्या चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. इंग्रजी काळातल्या काही दीपगृहांत आयात केलेली सिमेंटंही वापरली गेली होती, त्यामुळे अंदाजाने काम करू नका. चुना मळायची घाणी असेल तर उत्तम, नसेल तर पाट्यावर वरवंट्याने वाटावं तसं घोटत बसावं लागतं. त्याला पर्याय नाही.

सांधा भरण्याआधी आतला सुटा माल काढून, कोरड्या ब्रशने लोणा झाडून, गोड्या पाण्याने भिजवून घ्यायचं. लोणा झाडताना तोंडाला चांगला मास्क हवाच, जुन्या रंगात शिसं असू शकतं. सांधा भरल्यावर ओलं गोणपाट लावून आठवडाभर तरी सावलीत ठेवायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो. उन्हात वाळवला तर नुसती पूड होते. म्हणून हे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवा. आणि पहिल्यांदा हातभर रुंदीचा एकच तुकडा करा, न दिसणाऱ्या बाजूला. एक पावसाळा जाऊ द्या. मग पुढे.

बाहेरून रंग द्यायचा असेल तर प्लास्टिक रंग नको, त्याचा परिणाम सिमेंटसारखाच. आणि रंगाचे पट्टे आपल्या आवडीने बदलायचे नाहीत. काळे-पांढरे किंवा लाल-पांढरे पट्टे ही दिवसा दीपगृह ओळखायची खूण असते, ती नकाशांत नोंदलेली असते.

सहावी पायरी: लोखंड आणि पितळ

सज्जाचा कठडा, कंस, जिना, दिव्याच्या खोलीची चौकट, हे बहुधा ओतीव लोखंडाचं. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूच्या कित्येक पट जागा घेतो. दगडात रुतवलेला गज फुगला की दगडच फुटतो. स्वयंसेवकांनी करण्यासारखं यात एकच काम आहे, पण ते फार मोलाचं: पावसाळ्यानंतर आणि मधूनमधून गोड्या पाण्याने सगळं लोखंड धुणं, म्हणजे मीठ बसून राहत नाही. खरवडणं आणि रंगाचे थर देणं जाणकाराकडून. मीठ न धुता वरून रंग मारला तर गंज आत चालूच राहतो आणि आता दिसतही नाही. लोखंडाला पितळी स्क्रू किंवा तांब्याची पट्टी थेट जोडलेली दिसली तर लिहून ठेवा, खाऱ्या दमट हवेत अशा जोडात लोखंड झपाट्याने खाल्लं जातं.

कठड्याला हात लावण्याआधी कठड्यावर भरवसा ठेवू नका. उंचीवर पट्टा आणि दोर, आणि कधीच एकट्याने नाही. सज्जाखाली आग्यामोहोळ असतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

सातवी पायरी: भिंगाशी कसं वागावं

ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने घडवलेलं पायऱ्या-पायऱ्यांचं भिंग १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात पहिल्यांदा बसलं. त्याने काचेच्या कड्या अशा रचल्या की दिव्याचा वर-खाली वाया जाणारा उजेड क्षितिजाकडे वळतो. पहिल्या श्रेणीच्या मोठ्या भिंगात ज्योतीपासून काचेपर्यंतचं अंतर ९२ सेंटिमीटर असतं, म्हणजे माणूस आत उभा राहू शकतो. अशी काच आता कोणी सहज करून देत नाही. टवका उडाला की उडाला.

तर काय करू नये, ते आधी. काच पुसायचा बाजारातला फवारा नको, अमोनिया नको. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, गळ्यातली साखळी खाली काढून ठेवा. पूर्वीचे रखवालदार भिंग पुसताना कपड्यांवर लिननचा अंगरखा घालायचे तो याचसाठी, बटणाने काचेला चरा जाऊ नये म्हणून. कड्या ज्या लांबीने, म्हणजे काच बसवायच्या पुट्टीने, बसवलेल्या असतात तिच्यात शिशाचं संयुग असतं, ती कुठे सुटली असेल तर बोटाने दाबू नका. दिवसा पडदे ओढलेले असू द्या. भिंग दोन्हीकडून काम करतं, सूर्याचा उजेड आत एकवटून आग लागू शकते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: फिरणारी जुनी भिंगं पुष्कळदा पाऱ्याच्या कुंडात तरंगत असतात. टनाचं भिंग बोटाने ढकललं तरी फिरावं म्हणून ती सोय होती. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही, आणि बंद खोलीत ती साठते. भिंगाखाली कुंड दिसलं, जमिनीवर चंदेरी गोळी दिसली, तर खोलीतून बाहेर या, दार लावा आणि मालकाला कळवा. झाडूने गोळा करू नका.

हे सगळं वगळल्यावर गटाने करायचं उरतं ते मऊ कुंच्याने धूळ उडवणं, तेही शिकवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली. कमी वाटेल. पण भिंगाचं सर्वाधिक नुकसान चांगल्या मनाच्या माणसांनी जोर लावून पुसल्याने होतं.

आठवी पायरी: माणसांच्या आठवणी

भिंत थांबते, माणसं थांबत नाहीत. निवृत्त रखवालदार, त्यांच्या पत्नी, दीपगृहाच्या वसाहतीत वाढलेली मुलं यांच्याकडे लवकरात लवकर जा. ‘काय आठवतं?’ असं विचारू नका. रॉकेल वर कोण वाहायचं, पावसाळ्यात भाजी कुठून यायची, रात्री झोप लागू नये म्हणून काय करायचात, बाळंतपणाला कुठे गेलात, असं विचारा. बायकांना वेगळं विचारा, त्यांच्याकडचं दीपगृह पुरुषांपेक्षा निराळं असतं. होडीवरच्या लोकांना विचारा की ही बत्ती कुठून दिसायला लागली की घर जवळ आलं वाटतं. परवानगी घेऊन आवाज मुद्रित करा, तारीख टाका, आणि एक प्रत त्या घरी द्या.

पैसा, आणि किती काळ लागेल याचा अंदाज

न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड बेटावरचं १८५८ सालचं, ५१ मीटर उंच दीपगृह १९७३ च्या अखेरीस बंद झालं आणि पडझड सुरू झाली. १९७९ मध्ये तिथल्या रहिवाशांनी संस्था काढली. तिने तेरा लाखांहून अधिक डॉलर जमवले आणि २५ मे १९८६ रोजी दिवा पुन्हा लागला. रोजचा कारभार संस्थेकडे यायला १९९६ उजाडलं, आणि खुद्द दिव्याची जबाबदारी आली २००६ मध्ये. मूळ भिंग बेटावर परत येऊन लोकांना बघायला मिळालं ते २०११ मध्ये. जागा आजही तिथल्या राष्ट्रीय उद्यान विभागाची आहे. मालकी सरकारची आणि राखण लोकांची, म्हणजे आपल्या परिस्थितीला जवळचंच उदाहरण. सात वर्षांत दिवा, बत्तीस वर्षांत भिंग, हा हिशेब गटातल्या प्रत्येकाला पहिल्या बैठकीतच सांगा.

आपल्याकडे पहिली दोन वर्षं गावातल्या वर्गणीवरच काढा, खर्चही वही, दोर आणि प्रवासाचाच असतो. नंतर १२ए आणि ८०जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या करसवलतीच्या नोंदण्या करा. सवलतीसाठी २००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून वारसा-जतनाला पैसे मिळू शकतात, त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी आणि साधारणपणे तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. इथे तुमची वही कामाला येते.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून मदत येते तेव्हा एक काळजी घ्या. दुबई किंवा लंडनला राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी मानले जात नाहीत. पण त्याच्याच भावाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याची देणगी परकीय ठरते, आणि परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय ती घेणं गुन्हा आहे. देणगीच्या पावतीवर नागरिकत्वाचा रकाना ठेवा.

समुद्र आणि पाखरं

खालची जमीनच जात असेल तर वरचं सगळं व्यर्थ. दर महिन्याला भरतीची रेघ आणि पाया यांतलं अंतर मोजून वहीत लिहा. अमेरिकेतलं केप हॅटरसचं दीपगृह १९९९ मध्ये सुमारे ८८० मीटर आत सरकवलं, डेन्मार्कचं रूबिएर्ग क्नूदे २०१९ मध्ये ७० मीटर. दोन्हीकडे आधी कित्येक वर्षांची मोजमापं होती, म्हणून निर्णय घेता आला.

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर जिथे दीपगृह आहे, तिथेच गुहांमधून पाकोळ्यांची घरटी आहेत. अशा जागी विणीच्या काळात स्वयंसेवकांचा तांडा नेऊ नये. वन विभागाला विचारून तारखा ठरवा.

पहिल्या रविवारची पिशवी

परवानगीचं पत्र आणि त्याची झेरॉक्स. शिवलेली वही, दोन पेन्सिली, खोडरबर नको, चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहायचं. मोजपट्टी, व्हर्नियर, विजेरी, कोरडा मऊ ब्रश, मास्क, पाणी. भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला कागद. रखवालदार किंवा पहारेकरी तिथे असेल तर त्याच्यासाठी घरचं काहीतरी, आणि आधी त्याच्याशी अर्धा तास गप्पा. मग खालून वर जा, पायऱ्या मोठ्याने मोजत. दोघांनी मोजा, आकडा जुळेपर्यंत. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, खाली तारीख घाला, आणि वाऱ्याची दिशा.